आधी पाणी, मग तेल

तेल लावणे हा मराठी माणसाचा सर्व दुखण्यांवरचा एकच उपाय आहे. दार करकरले, घाल तेल. मुलाचे अभ्यासात लक्ष नाही, थाप डोक्यावर तेल. गुडघा धरला, चोळ तेल. साडेसाती लागली की मारुतीला तेल आणि बदल्यांची यादी निघणार असे कळले की साहेबाला तेल. एवढे करूनही काम झाले नाही, तर ज्याच्यामुळे अडले त्याला ‘तेल लावत गेला’ म्हणून आपण मोकळे होतो. म्हणजे सुरुवातही तेलाने आणि शेवटही तेलानेच.

मी एकवीस वर्षे बँकेत कारकून आहे. तेलाविषयी अनादराने बोलण्याचा अधिकार मला नाही. तरीही आज मला तेलाविरुद्ध भांडायचे आहे. भांडणाचे निमित्त मात्र असे आहे, की ते ऐकून आमच्या काउंटरवरच्या मंडळींनी आधी माझ्याकडे पाहिले आणि मग माझ्या चहाचा कप हुंगून पाहिला. निमित्त आहे काळ्या दारूच्या रिव्हॉल्व्हरची साफसफाई.

‘दारू’ हा शब्द वाचून ज्यांनी मान वर केली असेल, त्यांनी ती खाली घ्यावी. ही प्यायची नव्हे, ठासायची दारू.

त्याचे असे झाले. आमच्या सौ.चा धाकटा भाऊ सुहास अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात असतो. गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्याने आम्हा दोघांना तिकडे बोलावले. तिकिटे त्यानेच काढली. हा तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे कामाला येणार आहे. सुहासला तिकडे एक नवा छंद लागला आहे. शनिवारी मित्राच्या शेतावर जायचे आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरने पुठ्ठ्याच्या चकत्यांवर बार काढायचे. आपल्याकडे कोकणात रानडुकरे हाकलायला साधी ठासणीची बंदूक ठेवायची तरी परवाना लागतो. तिकडे १९६८ च्या बंदूक कायद्यात या जुन्या नमुन्यांना ‘अँटिक’ म्हणून बाजूला काढले आहे. राज्याराज्यांचे नियम वेगळे असतात, पण सुहासच्या गावी तरी हे हत्यार विकत घेणे आमच्या बँकेत बचत खाते उघडण्यापेक्षा सोपे निघाले.

त्याचे रिव्हॉल्व्हर म्हणजे ‘१८५८ चे रेमिंग्टन’. अर्थात नक्कल, आणि तीही इटलीत बनवलेली. अमेरिकन यादवी युद्धाची शताब्दी १९६१ साली आली, त्या सुमारास इटलीतल्या ब्रेशा भागातल्या कारागिरांनी अशा नकला करायला घेतल्या, त्या अजून चालू आहेत. त्यातली आणखी गंमत म्हणजे १८५८ हे सालही खरे नव्हे. ती नळीवर कोरलेली पेटंटची तारीख, १४ सप्टेंबर १८५८. प्रत्यक्षात हा नमुना या रूपात बाहेर पडला १८६३ च्या सुमारास. कर्ज मंजूर झाल्याची तारीख आणि हातात पैसे पडल्याची तारीख यांतला फरक ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही.

या रिव्हॉल्व्हरला तयार काडतूस नसते. सिलिंडरला सहा घरे. प्रत्येक घरात मापाने दारू ओतायची, वर वंगणात भिजवलेली नमद्याची चकती, वर शिशाची गोळी. नळीखालच्या दांडीने ती दाबून बसवायची आणि घराच्या मागे जे पोकळ बोंड असते त्यावर तांब्याची इवलीशी टोपी चढवायची. घोडा टोपीवर आपटतो, टोपी फुटते, ठिणगी बोंडातून दारूत जाते आणि बार होतो. सहापैकी पाचच घरे भरायची आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवून ठेवायचा, हा जाणत्यांचा रिवाज. एका घराची ठिणगी शेजारच्या घरात शिरू नये म्हणून काही जण गोळीच्या तोंडावरही वंगण थापतात. सुहास त्यासाठी क्रिस्को नावाचे वनस्पती तूप वापरत होता. १९११ सालापासूनचे आहे, म्हणजे १९३७ साली आलेल्या आपल्या डालड्याची अमेरिकन मावशीच. उन्हात पघळून ती सुहासच्या मनगटापर्यंत ओघळली. माहेरवाशिणीच्या मायेने हात धरला म्हणायचे.

त्या शनिवारी सुहासने चार फेऱ्या भरल्या. पाच चोक वीस. मी झाडाखाली खुर्ची टाकून कानात बोळे घालून बसलो होतो आणि मोजत होतो. मला मोजल्याशिवाय राहवत नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा मी पाने मोजतो. वीस भरल्या होत्या. आवाज झाले एकोणीस. शेवटच्या फेरीतल्या तिसऱ्या गोळीच्या वेळी नुसती टोपी फुटली, ‘फट्’. ना धूर, ना धडाका. सुहासने मिनिटभर नळी समोर रोखून धरली. मग “ओली झाली वाटतं, काढू मागाहून,” म्हणाला आणि उरलेल्या दोन उडवल्या. तेवढ्यात डास आले, घरून जेवणाचा फोन आला. सुहासने मोटारीच्या दुकानातला तेलाचा फवारा काढला, रिव्हॉल्व्हरवर आतून बाहेरून मारला, खोक्यात ठेवले आणि म्हणाला, “झालं. आता पुढच्या शनिवारी सावकाश साफ करू.”

मी म्हणालो, “वा!”

मी ‘वा’ म्हणालो, हे इथे कबूल करतो. तिकिटे सुहासने काढली होती.

आता मुद्द्यावर येतो. मी बी.कॉम. आहे, रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेतच संपला. पण हिशेब कळतो. काळी दारू म्हणजे साधारण पंचाहत्तर टक्के सोरा, पंधरा टक्के कोळसा आणि दहा टक्के गंधक. ही जळते तेव्हा पुरी जळून वाऱ्यावर जात नाही. वजनाने निम्म्याहून जास्त ऐवज घन रूपातच उरतो. त्यातला काही त्या पांढऱ्या धुराबरोबर उडतो, बाकीचा नळीत, घरांत, बोंडांत, जिथे फट मिळेल तिथे जाऊन बसतो. म्हणजे शंभराची उचल, त्यातल्या पन्नासाहून जास्त थकबाकी. या थकबाकीत काजळी असते आणि पोटॅशचे क्षार असतात. हे क्षार हवेतले पाणी ओढून घेतात आणि ते पाणी लोखंडाला पाजतात. एका दमट रात्रीतसुद्धा गंजाला सुरुवात होऊ शकते.

आता साधा प्रश्न. मीठ कशात विरघळते? पाण्यात की तेलात? लोणचे घालणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा. क्षारांवर तेल ओतले तर क्षार जात नाहीत, फक्त दिसेनासे होतात. वरून चकाकी येते आणि खाली गंज आपले काम निवांत करतो. हा प्रकार मी कचेरीत इतक्या वेळा पाहिला आहे, की रिव्हॉल्व्हरमध्ये पाहून मला घरच्यासारखे वाटले.

आपल्या मनात ही गोष्ट उतरत नाही, याला दिवाळीच जबाबदार असावी. अभ्यंगस्नानात आधी तेल, मग पाणी. हजार वर्षांची सवय. लोखंडाचे मात्र उलटे आहे. आधी पाणी, मग तेल. माणसाला आणि रिव्हॉल्व्हरला एकाच क्रमाने न्हाऊ घालू नये.

तेलपक्षाचे मुद्दे मला पाठ आहेत. एकेक घेऊ.

पहिला मुद्दा : पाणी लोखंडाचे वैरी. अहो, पाणी अंगावर राहिले तर वैरी. धुऊन, पुसून, कोरडे करून निघून गेले तर पाण्यासारखा मित्र नाही. या लोकांत गरम पाणी की कोमट पाणी असा एक जुना वाद आहे. गरमवाले म्हणतात, लोखंड तापते आणि आपोआप वाळते. कोमटवाले म्हणतात, फार गरम पाण्याने लगेच तांबूस हात फिरतो. या दोघांत मला पडायचे नाही. दोघेही पाण्याच्याच पक्षाचे आहेत.

दुसरा मुद्दा : बाजारात खास बाटल्या मिळतात. मिळू देत. भांडी घासायचा साबण, ब्रश, बोंडांची भोके साफ करायला केसाळ तार आणि जुना बनियन एवढ्यावर जे काम होते, त्यासाठी ज्यांना पाच बाटल्या लागतात त्यांचे मन रमत असेल तर रमो. पण त्या बाटलीच्या जोरावर ‘आज नको, पुढच्या शनिवारी’ म्हणत असाल, तर तुम्ही द्रावण विकत घेतलेले नाही, मुदतवाढ विकत घेतली आहे.

तिसरा मुद्दा : वंगणासारख्या क्षुल्लक गोष्टीवरून एवढे डोके कशाला फिरवायचे? क्षुल्लक? १८५७ आठवा. एन्फील्ड रायफलीच्या काडतुसाला चरबीचे वंगण लावत ते याचसाठी, की गोळी काजळीने भरलेल्या नळीतही सुखाने खाली उतरावी. ती चरबी गाईची की डुकराची, ही कुजबूज सुरू झाली. जानेवारीत सरकारने, शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण स्वतः लावावे, असा हुकूमही काढला. उपयोग झाला नाही. २४ एप्रिलला मीरतला नव्वदपैकी पंच्याऐंशी घोडेस्वारांनी काडतुसांना हात लावायला नकार दिला आणि १० मे रोजी भडका उडाला. उठावाची कारणे अनेक होती, पण आतला मळ तसाच ठेवून वरून तूप लावल्याने विश्वास परत येत नाही, एवढे तरी त्या वंगणाने सिद्ध केले.

चौथा मुद्दा : आमचे पोलाद चांगले आहे, त्याला काही होत नाही. याचे उत्तर बुधवारी मिळाले.

बुधवारी संध्याकाळी मी सोफ्यावर पेपर वाचत बसलो होतो. सुहासचा मुलगा चिनू, वय वर्षे नऊ, माझ्याजवळ येऊन बसला. त्याच्या आजीने त्याला नाती शिकवली आहेत, त्यामुळे तो मला ‘आतोबा’ म्हणतो. महाराष्ट्रातही आता फार थोडी मुले म्हणतात. हळूच म्हणाला, “आतोबा, बाबांची एक उडायची राहिलीये ना? मी काउंट केल्या. नाइनटीन.”

मी पेपर खाली ठेवला.

“त्या छोट्या डब्यातली टोपी परत लावली की ती उडेल ना?” तो म्हणाला.

वाचकहो, टोपी नसेल तर ते घर आपण होऊन उडत नाही, हे मला ठाऊक होते. पण टोप्यांचा डबा त्याच खोक्यात होता, खोके तळघरातल्या उघड्या फळीवर होते आणि ती फळी नऊ वर्षांच्या मुलाच्या हाताला येत होती. मला माझ्या पहिल्या हेडक्लार्कांची आठवण झाली. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत अजून हाताची लेजरे होती. एका संध्याकाळी दहा पैशांचा फरक आला. मी म्हटले, खिशातून घालतो. ते म्हणाले, “बाळ, दहा पैशांमागे दहा हजारांची जमा आणि नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव रुपये नव्वद पैशांची नावे लपलेली असू शकते. फरक लहान नसतो. फरक हा फरक असतो.” रात्री साडेनऊला सापडला. आता दिवसअखेर संगणक जुळवतो आणि आम्ही साडेपाचला डबा घेऊन निघतो. पण ते वाक्य राहिले आहे.

शनिवारी माझ्याकडे एकाचा फरक होता. मला तो माहीत होता. मी तो चार दिवस सस्पेन्स खात्यात टाकून ‘वा’ म्हणत हिंडलो होतो. म्हणजे तेल सुहासने एकट्याने लावले नव्हते.

सुहास कामावरून आला तेव्हा मी त्याला चहासुद्धा घेऊ दिला नाही. चौदा वर्षांत प्रथमच मेहुण्याशी आवाज चढवून बोललो. सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि “अहो, तिकिटं परतीची आहेत ना?” अशा नजरेने बघू लागली. सुहास आधी हसला, म्हणाला, “दाजी, टोपीशिवाय काही होत नाही हो.” मग मी चिनूचा प्रश्न त्याला सांगितला. त्यानंतर तो हसला नाही. खाली जाऊन खोके घेऊन आला.

चिनूला शेजारी पाठवले आणि आम्ही स्वयंपाकघरातल्या मोरीशी बसलो. तिकडे तिला सिंक म्हणतात. सुहासची बायको मीनल म्हणाली, माझ्या सिंकमध्ये हे चालणार नाही. कारण ऐकल्यावर तिनेच एक जुने पातेले काढून दिले. घोडा अर्धा ओढून, खालची दांडी उतरवून, आस पुढे ओढली की सिलिंडर बाजूला निघतो, असे या यंत्राचे वर्णन. पण आस हलेना. तेल आणि काजळी मिळून तिथे डांबर झाले होते. पकडीने ओढून काढली. सिलिंडर हातात आला. पाच घरे काळी, रिकामी. सहाव्याच्या तोंडाशी शिशाचे करडे बूड.

फरक सापडला.

सुहासने काही न बोलता सिलिंडर पाण्यात सोडला. भिजलेली दारू उडत नाही. इथेही कामाला आले ते पाणीच. तासाभराने पाना लावून त्या घराचे बोंड फिरवले. ते फिरेना, कारण आट्यांना वंगण लावायचे राहून गेले होते. जिथे लावायचे तिथे नाही आणि जिथे नको तिथे फवारा! शेवटी सुटले. आतून दारू आली ती पंढरीच्या ओल्या बुक्क्यासारखी. मग लाकडी मुठी काढून ठेवल्या, गोळी पितळी सळईने मागून ठोकून काढली आणि सगळे सुटे भाग साबणाच्या गरम पाण्यात घातले. पाणी शाईसारखे झाले आणि घरभर नासक्या अंड्यांचा वास सुटला. तो गंधकाचा प्रसाद. मीनलने सगळ्या खिडक्या उघडल्या. धुतल्यावर घरांच्या कडांना तांबूस पुरळ दिसले. चार दिवसांचे व्याज.

आणि बार न होण्याचे कारण? तेच. त्याच्या आधीच्या शनिवारी मारलेला फवारा पुसायचा राहिला होता. ते तेल घरात साचले, ताज्या दारूत मुरले आणि दारू मेली. जाणते लोक भरण्याआधी घरे कोरडी पुसतात, रिकाम्या घरांवर एकेक टोपी फोडून बोंडे मोकळी करतात, ते उगीच नव्हे.

तेलाशी माझे जन्माचे वैर नाही. धुऊन, पुसून, कोरडे झाल्यावर तेलाचा पातळ हात फिरवायलाच हवा, नाहीतर उघडे लोखंड आपल्या पायांनी गंजाकडे चालत जाईल. आसाला आणि आट्यांना चरबी आणि मधमाशीच्या मेणाचे वंगण उत्तम, कारण त्याने काजळी मऊ राहते. दीडशे वर्षांत त्यावर फारशी सुधारणा झालेली नाही. माझे भांडण तेलाच्या गुणांशी नाही, त्याच्या वेळेशी आहे. आपल्या खंडेनवमीचाही मूळ क्रम हाच होता. शस्त्रे बाहेर काढायची, घासायची, पुसायची आणि मग पूजायची. आपण घासणे-पुसणे गाळले आणि झेंडू ठेवला. आमच्या बँकेत त्या दिवशी संगणकाला हार घालतात. त्याच्यामागची वर्षाची धूळ हाराला आधार देते.

आणि त्याच संध्याकाळी साफ करायचे ते काही नुसत्या गंजासाठी नाही. प्रत्येक भाग हातात घेतला, प्रत्येक घरात ब्रश घातला, की सहाच्या सहा घरांची हजेरी होते. भरलेले घर ब्रशला अडते. फवाऱ्याला ते अडत नाही. फवारा सगळ्यांना सारखाच लागतो, भरलेल्यालाही आणि रिकाम्यालाही. माझ्या ओळखीतल्या गोडबोल्या माणसांसारखा.

त्या रात्री बारा वाजता रिव्हॉल्व्हर जोडून झाले. सुहासने दुसऱ्या दिवशी पोलादी कपाट आणले. त्याची किल्ली त्याच्याकडे, आणि टोप्यांचा डबा वेगळ्या कुलपात. चिनूला मी एक वही आखून दिली. डावीकडे ‘भरल्या’, उजवीकडे ‘वाजल्या’, खाली बेरीज, शेवटी ‘धुतले’ असा रकाना. तो प्रत्येक शनिवारी भरतो आणि मला फोटो पाठवतो. गेल्या आठवड्याच्या पानावर पंचवीसला पंचवीस जुळले होते, पण शेवटचा रकाना कोरा होता.

मी सही केली नाही. रात्रीचे साडेअकरा झाले होते, सौ. म्हणाली झोपा आता. मी फोन करून सुहासला उठवायलाच निघालो होतो, तेवढ्यात दुसरा फोटो आला. सिंकमधले काळे पाणी, आणि त्यात माझ्या मेहुण्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत.